गेन्ता खाली बसेना

'बस' हा हुकूम शिबा जातीच्या कुत्र्याला साधारण चार दिवसांत येतो, असं पुस्तकात पान तीनवर लिहिलं होतं. पान चारवर 'क्वचित सहा दिवस' असंही होतं. आमचा सत्तेचाळिसावा दिवस होता, तेव्हा मी ते पुस्तक वाचनालयात परत करायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी मुखपृष्ठ पाहिलं, मला पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अजून नाही का हो बसत?" मी मान हलवली. त्यांनी मी न मागता मुदत वाढवून दिली. घरात कुणी फार आजारी असलं की लोक जसे जपून बोलतात, तसं सगळं उएदा शहर त्या दिवसांत माझ्याशी बोलत होतं.

सांगायलाही लाज वाटते. मी इसोगाई तादाओमी, वय अठ्ठावन्न, गीझर बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं घासलेला माणूस. अंगाला साबण लावलेला असताना गीझरचं पाणी गार पडलं, की माणूस जे काही बोलतो ते ऐकून घेणं हा माझा व्यवसाय. मी जातो, दारात उभा राहतो, कमरेतून वाकतो, डोळे मिटतो, मनात तीन मोजतो आणि उठतो. भलेभले थंड होतात. वकील थंड झालेत, मुख्याध्यापक थंड झालेत. एक बाई भिजलेल्या केसांनी विळी घेऊन दारात आल्या होत्या, त्यांनीसुद्धा शेवटी चहा दिला. आणि नऊ किलोचं एक कुत्रं मला चारी मुंड्या चीत करत होतं, हे मी ऑफिसात कुणाला कळू दिलं नव्हतं.

कुत्रं माझं नव्हे, आईचं. आई शहाऐंशी वर्षांची. फेब्रुवारीत ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि हाड जुळेपर्यंत म्हणून आम्ही तिला नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं. "दोन महिने गं आई, फार तर तीन," असं मी म्हणालो होतो. आता ऑक्टोबर उजाडला होता, हाड कधीच जुळलं होतं. मी थोरला मुलगा. याहून जास्त या विषयावर माझ्याच्याने बोलवत नाही.

भेटायला गेलो की आई घराचं नाव काढायची नाही. "गेन्ता कसाय? कधी आणतोस?" एवढंच विचारायची. आश्रमात महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरचं कुत्रं आणता येतं. त्यासाठी तीन पानी अर्ज, लशीचा दाखला, नखं कापल्याचा दाखला, आणि प्रमुख हानाओकाबाईंसमोर परीक्षा: मालकाने एका शब्दात हुकूम द्यायचा, तोही जास्तीत जास्त तीनदा, आणि कुत्र्याने खाली बसून तीस सेकंद बसलेलं राहायचं. हे वाचून मी आईसमोर छाती फुगवून म्हणालो होतो, "हात्तिच्या! तीस सेकंद? पुढच्या महिन्यात हजर करतो." ऑगस्टमध्ये म्हणालो, "त्याला सर्दी झालीय." सप्टेंबरमध्येही सर्दीच होती. ऑक्टोबरमध्ये मी तोंड उघडायच्या आत आईनेच विचारलं, "सर्दी का रे?" मी हो म्हणालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी आईशी खोटं बोलताना कान लाल होतात आणि ते टोपीखाली झाकत नाहीत.

त्यातच आश्रमाची चिठ्ठी आली, की एक डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत फ्लूमुळे कुठलंही जनावर आत घेतलं जाणार नाही. म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा रविवार हुकला की एकदम एप्रिल. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला 'आता एप्रिलमध्ये बघू' असं सांगायला माझी जीभ रेटेना.

कागदपत्रं तरी पुरी करू म्हणून मी आधी नखांच्या मागे लागलो. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, असा दाखला नसतोच. नगरपालिकेतल्या तरुण कारकुनाने अत्यंत नम्रपणे सांगितलं, की आमच्याकडे कुत्र्यांची नोंद होते, नखांची होत नाही. आश्रमात फोन केला तर हानाओकाबाई म्हणाल्या, दाखला कोण देतं हे आम्हालाही ठाऊक नाही, पण रकाना आहे. शेवटी मीच एका कागदावर 'नखं कापली' असं लिहिलं, कापलेली अठरा नखं पाकिटात घालून जोडली आणि खाली सहीच्या जागी माझा शिक्का मारला. ते ताबडतोब मंजूर झालं. शिक्का बघितला की माणसं लगेच ऐकतात, कुत्रं ऐकत नाही.

गेन्ता हट्टी म्हणजे भांडखोर नव्हे. भांडला असता तर परवडलं असतं. तो माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतो, थोडा विचार करतो आणि मग मान दुसरीकडे वळवतो. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी उकडलेलं रताळं त्याच्या नाकावरून मागे नेलं. नियमाने कुत्र्याचं बूड आपोआप खाली टेकायला हवं. गेन्ता चार पावलं मागे गेला, उभ्याउभ्याच रताळं खाल्लं आणि निघून गेला. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, असं लोक म्हणतात. शिबांच्यात तर ते पाठीवर गुंडाळलेलं असणं हाच जातिवंतपणा मानतात. मी तिथेच ओळखायला हवं होतं.

"अहो, त्याला रताळं आवडतं," माझी बायको नोरिए म्हणाली. "तुम्ही आवडायला हवेत असं कुठे लिहिलंय?"

मग शेजाऱ्यांच्या कानावर गेलं. आमच्या शेजारच्या काकिझाकीबाई आळीच्या मंडळाच्या चिटणीस. त्यांनी कुंपणावरून सांगितलं, "इसोगाईसान, डोळ्यांत डोळे घालून सांगा. मालक कोण ते कळलं पाहिजे." समोरचे उशियामासान म्हणाले, "डोळ्यांत अजिबात बघू नका, त्याला ते आव्हान वाटतं." उशियामासान निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्याकडे आयुष्यात कधी कुत्रं नव्हतं, पण अडतीस वर्षं त्यांनी गाड्या थांबवल्या होत्या, त्यामुळे थांबवणे या विषयावर त्यांचा शब्द आमच्या आळीत शेवटचा. "तुमचा आवाज घशातून येतो," ते म्हणाले. "माफी मागणाऱ्याचा आवाज आहे तो. पोटातून काढा, पोटातून. आणि घरात नाही, मोकळ्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी गेन्ताला घेऊन नदीच्या बांधावर गेलो. तिथे म्हाताऱ्या मंडळींचा रेडिओवरचा व्यायाम चालू होता. मी त्यांच्याकडे पाठ केली, पोटात श्वास भरला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडलो, "बस!"

गेन्ताने मान वळवली. मागे मात्र सात जण खाली बसले. जुन्या वळणाची माणसं, खणखणीत हुकूम ऐकला की पाय आधी ऐकतात. त्यातल्या एका आजींना परत उठताच येईना. मी धावत गेलो, दोघांनी मिळून त्यांना उभं केलं आणि मी सातही जणांसमोर वेगवेगळा, कमरेतून वाकलो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत वाईट सकाळ, असं मला वाटलं, कारण पुढचं अजून घडायचं होतं. आजी बिचाऱ्या भल्या. त्यांनी खिशातली सुकी मासळी काढून गेन्ताला दिली आणि म्हणाल्या, "पण गुणी आहे हो!" मला वाटलं, पडल्यामुळे त्यांना भोवळ आली असावी.

आठवड्याने आळीची सूचनांची पाटी फिरत फिरत आमच्या घरी आली. कचरा कोणत्या वारी न्यायचा त्याच्या खाली नवी सूचना होती: 'पहाटे बांधावर कुणीतरी मोठ्याने बसण्याचा हुकूम देत असते. ज्येष्ठांच्या गुडघ्यांचा विचार व्हावा.' नाव नव्हतं. आमच्याकडे नाव घालत नाहीत, घालायची गरज पडत नाही. पाटी वाचली की वाचल्याचा शिक्का मारून पुढच्या घरी स्वतः नेऊन द्यायची असते. मी माझ्याविरुद्धच्या सूचनेखाली माझाच शिक्का मारला, तोही सरळ उमटावा म्हणून नीट दाबून, आणि पाटी काकिझाकीबाईंना नेऊन दिली. "काय बाई लोक असतात एकेक!" त्या वाचून म्हणाल्या. सूचना त्यांनीच लिहिली होती. त्यांचं अक्षर मी ओळखतो.

आता माफीची फेरी काढणं आलं. नोरिएने चेस्टनटच्या मिठाईचे अकरा खोके आणले आणि पट्टा माझ्या हातात दिला. "गुन्हा दोघांचा, माफी दोघांनी मागायची."

पहिल्या घरी मी वाकलो, डोळे मिटले, तीन मोजले, उठलो. घरच्या सूनबाई म्हणाल्या, "अगंबाई, किती छान बसतो हो हा!" मी खाली पाहिलं तर गेन्ता उभा. दुसऱ्या घरी तेच. "किती शहाण्यासारखा बसलाय!" पाहिलं, तर हा उभा राहून भिंतीचा वास घेतोय. तिसऱ्या घरी आजोबांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सगळ्या आळीने मिळून माझी फिरकी घ्यायचं ठरवलंय. एकतीस वर्षं लोकांची बोलणी खाल्ली, पण एवढा गोड, एवढा संघटित टोमणा मला कधी कुणी मारला नव्हता. मी गिळला. चार, पाच, सहा, सात... प्रत्येक दारात 'किती छान बसतो', आणि प्रत्येक दारात गेन्ताला काही ना काही खाऊ.

अकरावं घर उशियामासान यांचं. मी उठलो आणि ते म्हणाले, "वा! बसला की हो!"

माझा बांध फुटला. "उशियामासान, टोमणा मारायचा तर सरळ मारा! तुमचंच ऐकून ही वेळ आलीय माझ्यावर! पोटातून म्हणे! आगगाड्या थांबवायला काय अक्कल लागते, रूळ असतात खाली!"

एका घरात भांडी घासायचा आवाज येत होता, तो थांबला. उशियामासान हळूच म्हणाले, "पण बसला होता हो तो," आणि दार लावून घेतलं. माफी मागायला आलेल्या माणसाने ज्याची माफी मागायची त्यालाच झापलं, असं आमच्या कंपनीत आजवर घडलेलं नाही. मी घरी आलो, बारावा खोका आणायला नोरिएला सांगितलं आणि न्हाणीघरात जाऊन बसलो. पाणी गरम होतं, म्हणजे तक्रारीलाही जागा नाही.

त्याच संध्याकाळी काकिझाकीबाई आल्या. त्यांच्या दाराच्या घंटेला कॅमेरा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याचं चित्र त्यात राहतं. "भांडू नका, हे बघा," असं म्हणून त्यांनी मला आणि नोरिएला त्यांच्या दारात उभं केलं. चित्रात मी होतो. आधी मला माझ्या डोक्यावरचं टक्कल दिसलं. वरून ते एवढं मोठं दिसतं, हे मला घरच्यांनी इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. मी वाकलो. मी वाकताक्षणी माझ्या मागे गेन्ता खाली बसला. ताठ, कान उभे, पुढचे पाय जुळवून, पुस्तकातल्या पान तीनवरच्या चित्रातल्यासारखा. मी उठलो, तो उठला.

"अहो बाई, पुन्हा लावा," नोरिए म्हणाली. आम्ही ते नऊ वेळा पाहिलं.

मग सगळा उलगडा झाला. मी डोळे मिटून वाकतो, म्हणून मला ते कधी दिसलंच नव्हतं. या कुत्र्यापायी मी रोज कुणा ना कुणापुढे वाकत होतो. मी वाकलो की समोरच्याला दया यायची, माझी नव्हे, कुत्र्याची, आणि त्याला खाऊ मिळायचा. मी त्याला 'बस' हा शब्द शिकवत होतो, तो माझ्याकडून भलतंच शिकून बसला होता. लोकांच्या कुत्र्यांना मालकाचा आवाज कळतो, बोट कळतं. माझ्या कुत्र्याला मालकाची फजिती कळत होती.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. आम्ही घरात प्रयोग सुरू केले. नुसती मान लववली, तर गेन्ता बघतसुद्धा नाही. थोडं वाकलं, तर विचारात पडतो. कमरेतून पुरतं वाकलं, तर बसतो. फ्रिजपुढे वाकलो, बसला नाही. समोर माणूस लागतो. नोरिएपुढे वाकलो, लगेच बसला. तिने तो प्रयोग आणखी चार वेळा करायला लावला, खात्री करायची म्हणून. पाचव्या वेळी मात्र तो उभाच राहिला.

"तुमचं लक्ष नव्हतं," नोरिए म्हणाली. "तुम्ही नुसते वाकलात. मलासुद्धा कळलं."

"मग काय करू?"

"एखादी खरी गोष्ट आठवा आणि तिच्यासाठी वाका. की एकही सापडत नाही?"

सापडली. सत्तावीस वर्षांच्या संसारात शोधायला फार लांब जावं लागत नाही. तिच्या बहिणीच्या लग्नात मी झोपलो होतो, ते आठवून वाकलो. गेन्ता बसला. तिच्या आवडत्या कपाचा कान मी मोडला आणि मांजरावर ढकललं, ते आठवलं. बसला. आमच्याकडे कधी मांजर नव्हतं, ही गोष्ट नोरिएच्या तेव्हाच लक्षात आली होती, पण ते जाऊ दे. दहा दिवसांत मी रोज थोडा जास्त वेळ वाकत गेलो, कारण मी उठलो की तो उठायचा. तीस सेकंद म्हणजे किती, ते घड्याळात बघून कळत नाही, कमरेतून वाकून कळतं. नवव्या दिवशी माझ्या पाठीला तीन औषधी पट्ट्या होत्या आणि नोरिएचा माझ्यावरचा राग बराच उतरला होता.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. आश्रमाच्या अंगणात हानाओकाबाई घड्याळ आणि अर्ज घेऊन उभ्या, नोरिए बाजूला. काचेच्या दारापलीकडे आई चाकाच्या खुर्चीत, गळ्याशी मफलर, दोन्ही हात आधीच पुढे केलेले. तिच्या मागे आणखी सात-आठ म्हातारे, कारण रविवारी दुसरं बघायला काही नसतं.

"बस," मी म्हणालो. अगदी माणसासारखा, सरळ उभा राहून. वाटलं, आईसमोर तरी मला हे साधं जमावं. गेन्ताने मान वळवली.

"एक झालं," हानाओकाबाई म्हणाल्या.

"बस!" पोटातून. काचेपलीकडचे सगळे आधीच खुर्च्यांत होते म्हणून बरं. गेन्ताने जांभई दिली.

"इसोगाईसान, आता शेवटचा हं," त्या हळू म्हणाल्या. आईने पुढे केलेले हात मांडीवर ठेवले. तेवढंच केलं तिने, चेहऱ्यावर काही नाही.

मी हानाओकाबाईंपुढे वाकायचं ठरवून आलो होतो. खरी गोष्टही घरून ठरवून आणली होती, कप वगैरे. पण त्या हातांकडे बघितलं आणि माझे पाय आपोआप काचेच्या दाराकडे वळले. हानाओकाबाईंनी दार सरकवलं. मी आईसमोर उभा राहिलो, "बस" म्हणालो, ते माझं मलाही ऐकू आलं नाही, आणि वाकलो.

मागे गेन्ताचं बूड फरशीवर टेकल्याचा आवाज आला. घड्याळ टिकटिकलं.

पहिले दहा मी मोजले. मग मोजदाद सुटली. एकतीस वर्षं मी वाकलो, ते दुसऱ्यांच्या गीझरसाठी. स्वतःच्या कारणासाठी किती वेळा वाकलो, ते आठवेना. दोन महिने म्हणालो होतो आई, हे सर्दीपेक्षा मोठं खोटं होतं. बोलतानाच मला ठाऊक होतं. घराच्या पायऱ्या उंच आहेत, नोरिए नोकरी करते, मी फिरतीवर असतो, सगळं खरं होतं आणि तरी मी तुला कधी विचारलं नाही, नुसतं कळवलं. तू काही बोलली नाहीस, कुत्र्याचं विचारत राहिलीस, आणि मला तेवढंसुद्धा आणून देता येईना. माझ्या डोळ्यांतून पाणी फरशीवर पडत होतं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारे बघत होते, बघू देत.

"झाली!" हानाओकाबाई कुठून तरी लांबून म्हणाल्या. "तीस झाली! पास!"

आईने हाक मारली आणि माझ्या कानाजवळून काहीतरी तांबूस धावत गेलं. आईचं "आलास रे माझ्या राजा" ऐकू आलं, खुर्चीची चाकं करकरली, म्हातारे टाळ्या वाजवायला लागले, नोरिए रडत रडत हसायला लागली. मी तसाच.

"तादा," आई म्हणाली. "ऊठ आता. कुत्रा कधीचा उठलाय."

"थांब गं आई," मी म्हणालो. "माझं अजून व्हायचंय."